एकटा पालक, नोकरी आणि होमस्कूलिंग : आठवड्याचं गणित बसवायचं कसं? (पुणे)

रानजाई
होमस्कूलिंगवर, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्यावर, जे काही वाचायला मिळतं त्यात एक पालक दिवसभर घरी असतो हे गृहीतच धरलेलं असतं. ज्या घरात मोठं माणूस एकच आणि तेच कमावतं, तिथे काय करायचं, हे कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

चर्चेला आधार म्हणून चौकट देते. मूल आठ वर्षांचं, तिसरीत, मराठी माध्यम. नोकरी हिंजवडीत, मंगळ-बुध-गुरू ऑफिस, सोमवार-शुक्रवार घरून काम. आजी कर्वेनगरला, चालत दहा मिनिटांवर. ती सकाळी चार तास आनंदाने सांभाळेल, पण दुपारी तिला विश्रांती हवी. बाहेर फार खर्च परवडणारा नाही.

या चौकटीत होमस्कूलिंग बसतं का, आणि बसवायचं तर कुठून सुरुवात करायची? शाळा चांगली की वाईट हा वाद कृपया इथे नको, त्यावर ढीगभर धागे आहेत.

मुठाकाठ
महत्त्वाचा विषय. वाचतेय.

तळजाईकर
पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करा : शिकवणं आणि सांभाळणं. शाळा दोन्ही एकत्र देते म्हणून आपल्याला ते एकच काम वाटतं.

शिकवण्याला लागणारा वेळ लोकांना वाटतो त्याच्या निम्माही नसतो. शाळेच्या पाच-साडेपाच तासांत प्रार्थना, हजेरी, डबा, वह्या तपासून घेण्याची रांग, चाळीस मुलांना गप्प करणं हे सगळं येतं. आठ वर्षांच्या एका मुलासोबत मोठ्या माणसाने समोरासमोर बसायचा वेळ रोज दीड ते दोन तास पुरतो. त्यात अर्धा-पाऊण तास गणित, तेवढीच भाषा, आणि उरलेला वेळ वाचून दाखवणं किंवा परिसर अभ्यासावर गप्पा. त्यापुढे मूल स्वतः करतं किंवा खेळतं.

आता सांभाळणं. कर्वेनगरहून साडेआठला निघून हिंजवडीहून सातला परत, म्हणजे साडेदहा तास. त्यातले आजीचे चार वजा करा. साडेसहा उरले. असे तीन दिवस म्हणजे आठवड्याला साधारण वीस तास मुलाजवळ कोण असणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे. अभ्यासक्रम, पुस्तकं, बोर्ड सगळं त्यानंतर. बहुतेक जण उलट करतात. आधी दोन हजारांची पुस्तकं येतात आणि जुलैत दुपारचा प्रश्न उभा राहतो.

आणखी एक. शिकवण्याचा आठवडा सोमवारी सुरू व्हायलाच हवा असं नाही. तुमच्या चौकटीत तो शनिवारी सुरू करा. शनि, रवि, सोम, शुक्र हे चार मुख्य दिवस. ऑफिसच्या तीन दिवशी फक्त सराव.

चौथीब
धागाकर्तीने नको म्हटलंय तरी लिहितो, कारण विषय लेकराचा आहे. शाळा ही एकट्या पालकासाठी सांभाळण्याची सगळ्यात स्वस्त आणि त्यातल्या त्यात भरवशाची व्यवस्था आहे. तुम्ही आजारी पडलात, ऑफिसचं काम अडकलं, आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तरी शाळा चालू असते. घरच्या व्यवस्थेत एक खांब हलला की सगळं हलतं. दोन पालकांच्या घरात दुसरा खांब असतो, इथे नाही. शाळा चालू ठेवून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आपल्या पद्धतीने शिकवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तळजाईकर
@चौथीब, मुद्दा खरा आहे आणि टाळण्यासारखा नाही. म्हणूनच सुरू करण्याआधी 'दुसरा खांब' ठरलेला हवा : आजी नसेल त्या दिवशी कोण, आणि तोही नसेल तर कोण. ही दोन नावं तोंडी नको; त्या माणसांना विचारून, हो म्हणवून, फोन नंबरासकट कागदावर हवीत. दोन नावं मिळत नसतील तर मीही सांगेन, शाळा चालू ठेवा आणि वर्षभरात ती नावं तयार करा.

हातचा_एक
वीस तासांवर इतर लिहितील. मी दीड तासावर लिहिते, कारण तिथेही दमलेला पालक वेळ वाया घालवतो.

पाच प्लॅस्टिकच्या फोल्डर-पिशव्या घ्या, अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळतात. रविवारी रात्री अर्ध्या तासात पाचही भरायच्या. प्रत्येकीत चारच गोष्टी : गणिताचं एक पान (दहा-बारा उदाहरणं, जास्त नाही), लिहायचं एक काम (पाच-सहा ओळी), वाचायचं एक पुस्तक किंवा बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचा अंक, आणि हाताने करायचं काहीतरी. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात रंगाचा ठिपका. हिरवा म्हणजे एकट्याने, पिवळा म्हणजे आजी जवळ असताना, लाल म्हणजे आईसोबतच. ऑफिसच्या दिवसांच्या पिशवीत लाल ठिपका असताच कामा नये. नवीन काही शिकवायचं असेल तर ते लाल. सराव हिरवा.

बिघडतं कुठे? हिरव्या कामात नवी गोष्ट शिरते. मूल अडतं, आजीला विचारतं, आजी तिच्या पद्धतीने सांगते, संध्याकाळी आई वेगळ्या पद्धतीने. मग मुलाला गणित 'येत नाही' असं सगळ्यांना वाटायला लागतं.

तिसरीतलं नेहमीचं उदाहरण घ्या : ५२ वजा २७. मूल उत्तर लिहितं ३५. निष्काळजीपणा म्हणून रागावू नका, त्यामागे नियम आहे. एककात दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन घालवतं. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याने पकडलेलं असतं. अशी आणखी वीस उदाहरणं दिलीत तर चूक पक्की होते. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडा. सत्तावीस काढून दे म्हणा. सात सुट्या द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. मूल स्वतः रबर काढतं, बारा सुट्या होतात, पाच उरतात. चार गठ्ठ्यांतले दोन जातात, दोन उरतात. पंचवीस. हे तीन-चार दिवस फक्त काड्यांनी, मग काड्या आणि वही शेजारी-शेजारी, मग नुसती वही. वहीत दशकाच्या पाचावर काट मारून चार लिहिताना 'गठ्ठा सोडला' असं मोठ्याने म्हणायला लावा. एकदा हे बसलं की तीन अंकी वजाबाकीला वेगळं शिकवावं लागत नाही.

पुस्तकांवर खर्च नको. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत, 'किशोर'चे जुने अंकही आहेत. छापील संच हवा असेल तर तोही इतर प्रकाशनांपेक्षा स्वस्तच असतो.

दूधसाय
ठिपक्यांची कल्पना फार आवडली. वाचनखूण साठवली.

सुरपारंब्या
आजीविषयी थोडं. आजीला शिक्षिका करू नका. तिच्या वाट्याला वर्कशीट आलं की ती 'पूर्ण झालं का' हे बघणारी होते, दोघांची भांडणं सुरू होतात आणि पंधरा दिवसांत आजी म्हणते, मला जमणार नाही. तो नकार एकट्या पालकाला परवडत नाही.

आजीकडे जे आहे तेच तिला द्या. पाढे तोंडी म्हणून घेणं. पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) येत असेल तर सोनंच, अपूर्णांकांची निम्मी तयारी तिथे होते. भाजी निवडताना पाव किलोचे किती पैसे, कणकेला दीड वाटी पाणी तर दुप्पट कणकेला किती. गोष्टी सांगणं आणि ऐकणं. तिच्या लहानपणच्या गावाचा नकाशा काढायला लावा, तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाला याहून चांगलं काम नाही : विहीर कुठे, बाजार कुठे, दिशा कुठल्या. आजी बोलते, नातू काढतो, खाली दोघांची सही.

आणि पद्धत एकच ठरवा. वजाबाकी गठ्ठे सोडून करायची, हे आजीलाही काड्या घेऊन दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे वाद वाचतात.

पर्वतीपायथा
हे सगळं ठीक, पण शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं बंधनकारक आहे ना? उद्या कुणी तक्रार केली तर?

कागदघोडा
@पर्वतीपायथा, दर वेळी हा प्रश्न येतो, म्हणून जरा नीट लिहितो.

कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १० मध्ये मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, हे खरं. पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा किंवा दंड कायद्यात कुठेही नाही. 'सक्तीचं' या शब्दाचा खुलासा कलम ८ मध्ये आहे आणि ती सक्ती शासनावर आहे : शाळा उपलब्ध करून देणं, मूल टिकवणं. दुसरीकडे होमस्कूलिंगला स्पष्ट मान्यता देणारं कलमही नाही. म्हणजे बेकायदा म्हणून कुणी पकडणार नाही, पण 'आम्हाला परवानगी आहे' असा कागदही मिळणार नाही. ही स्थिती समजून उतरा.

व्यवहारात काय होतं? शाळा सोडली की यू-डायसच्या, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या, नोंदीत मूल कुठल्याच शाळेत दिसत नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात कुणी दारात येऊ शकतं. तेव्हा घाबरून उलटसुलट उत्तरं देऊ नका. मूल काय शिकतंय याची नोंदवही दाखवा, शांतपणे बोला. ती वही रोज दोन ओळींची असली तरी पुरे : तारीख, काय केलं. महिन्याला मुलाच्या हातचे चार नमुने, तारीख घालून फाइलला.

परत शाळेत जायचं झालं तर कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि कलम १३ मुळे प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेता येत नाही. म्हणून दार कायमचं बंद होतं ही भीती आठवीपर्यंत तरी नको. पण हव्या त्या खासगी शाळेत जागा असेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

परीक्षांचं वेगळं लिहितो, जेवून येतो.

मुठाकाठ
जेवून लवकर या हो, सगळे ताटं घेऊन इथेच बसलेत! :)

निवांत_दुपार
तोवर दुपारच्या वीस तासांवर लिहिते.

पाळणाघर निवडताना बहुतेक जण स्वतःच्या घराजवळचं बघतात. तुमच्या चौकटीत ते आजीच्या घराजवळ हवं. दुपारी साडेबाराला मुलाला पोचवणारं माणूस आजीच आहे, आणि तिने रिक्षा शोधत उभं राहणं दोन आठवड्यांत बंद पडेल. चालत पाच मिनिटं, मोठा रस्ता न ओलांडता, ही पहिली अट.

आठ वर्षांच्या मुलाला पाळणाघरात करमेल का, तर हो. सकाळच्या सत्राच्या शाळा दुपारी सुटतात आणि त्याच वयाची मुलं तेव्हा तिथे येतात. दुपारभर सोबत मिळते, आणि 'शाळेत न जाणारं मूल एकटं पडतं' ही काळजीही थोडी मिटते.

आधी विचारून घ्या : वर्षात किती दिवस बंद असतं (दिवाळी, गणपती, मेमधला काही काळ), सातनंतर उशीर झाला तर काय, आठवड्यातले तीनच दिवस घेतात का. तीन दिवसांचे पैसे अनेक जण पूर्ण महिन्याइतकेच मागतात. तेव्हा 'फक्त दुपार, फक्त मंगळ-बुध-गुरू, वर्षभराची खात्री' असं सांगून बोलणी करा. वर्षभराच्या खात्रीवर बरेचदा जमतं. आणि तिथे अभ्यास पाठवू नका. ताई 'होमवर्क' करून घेतात ते उत्तरं सांगून. दुपार खेळण्याची आणि झोपेची.

दुसरा मार्ग, तीन घरांची पाळी. तुमच्यासारखी आणखी दोन घरं, प्रत्येकाने आठवड्यातली एक दुपार तिन्ही मुलं सांभाळायची. कागदावर सुंदर दिसतं, मोडतं ठरलेल्या कारणांनी. पहिलं, कुणाच्या तरी ऑफिसचा दिवस बदलतो. म्हणून 'बदलायचं तर ४८ तास आधी, आणि बदली स्वतः शोधायची' हा नियम पहिल्या दिवशी. दुसरं, वयांत तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर असलं की मोठं मूल कंटाळतं. तिसरं, हिशेब. एकाने बारा दुपारी सांभाळल्या, दुसऱ्याने सात, हे मनात राहतं आणि एक दिवस फुटतं. भिंतीवर तासांचा तक्ता लावा, महिन्याअखेर फरक असेल तो पैशांत किंवा तासांत मिटवा. मैत्री टिकवायची तर हिशेब चोख हवा.

घरात एकटं ठेवणं हा आठव्या वर्षी पर्याय नाही, पंधरा मिनिटं दुकानात जाऊन येण्यापलीकडे. तेवढ्यासाठीही सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, गीझर बंद, आतून कडी लावायची नाही, बाहेरूनही किल्लीने उघडता येणारं लॅच तेवढं, आणि एक किल्ली शेजारी. आतून कडी लावून मूल झोपलं तर फायर ब्रिगेड बोलवावी लागते.

कागदघोडा
आलो. परीक्षा.

आठ वर्षांच्या मुलाला आज काहीही भरायचं नाही. पण रस्ते माहीत असू द्या.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. दहावीला वय किमान चौदा. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. मराठी माध्यमही आहे. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. पाचही विषय एकदम द्यायची गरज नाही. एकट्या पालकाच्या घरात ही गोष्ट सोन्यासारखी : एप्रिल-मेमध्ये दोन, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन, मग उरलेला. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. लेखीच्या गुणांतला २० टक्के वाटा टीएमए नावाच्या गृहकार्याचा. लोक अडकतात ते परीक्षेत कमी आणि इतर गोष्टींत जास्त : टीएमए अपलोड करायची तारीख हुकते, प्रात्यक्षिकाला ठरलेल्या केंद्रावर जायचं राहतं, नोंदणीत दिलेला मोबाइल नंबर मधेच बंद होतो आणि सगळे निरोप तिथेच जातात. विभागीय केंद्र पुण्यातच आहे.

राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून नेहमीची दहावी. वय चौदा पूर्ण आणि पाचवी उत्तीर्ण हवी. इथे होमस्कूलिंगवाले चुकतात : मूल तिसरीत काढलं, पाचवीचा कागदच नाही, आणि तेराव्या वर्षी धावपळ. त्यावर उपाय महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी स्तराची परीक्षा. त्याला वय दहा पूर्ण हवं. आठवी स्तरालाही तशीच परीक्षा आहे, तिला वय तेरा. पुढे सतरा नंबरचा विचार थोडा जरी असला तरी दहा-अकराव्या वर्षी पाचवी देऊन टाका. एक कागद हाताशी राहतो, परत शाळेत जायलाही उपयोगी पडतो.

केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येते, पण विषयागणिक शुल्क बरंच आहे. या चौकटीत तिचा विचार आत्ता करू नये.

आजच करायचं काम एकच : जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव, वडिलांचं-आईचं नाव, आडनाव अक्षरशः सारखं आहे का बघा. घटस्फोटानंतर आईचं आडनाव बदललेलं असतं, मुलाचं नाही, आणि एखाद्या कागदावर अर्धवट बदललेलं असतं. हे आज निस्तरायला आठवडे लागतात, चौदाव्या वर्षी फॉर्मची मुदत संपत असताना महिने लागतात.

काळी_मैना
@कागदघोडा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, एकट्या पालकांनी हे कृपया वाचाच.

घटस्फोट झाला असेल किंवा खटला चालू असेल तर मुलाला शाळेतून काढण्याआधी ताब्याचा आदेश किंवा संमतीच्या अटी उघडून वाचा. शिक्षणाचे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे असं त्यात असेल, तर एकट्याने शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. समोरचा पक्ष 'मुलाची शाळा बंद केली' असं कौटुंबिक न्यायालयात मांडतो, आणि वहीत कितीही चांगलं काम असलं तरी सुरुवातच बचावाने होते. आधी लेखी संमती घ्या. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचं स्पष्ट 'हो' सुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरं. अटी अजून ठरायच्या असतील तर वकिलाला सांगून एक वाक्य घालून घ्या : मुलाचं शिक्षण घरी राहून व मुक्त विद्यालयामार्फत घेण्यास दोघांची मान्यता आहे. संमती मिळत नसेल तर न्यायालयाची परवानगी मागणं हा मार्ग आहे; लांब आहे, पण नंतरच्या भांडणापेक्षा बरा.

वडील कुठे आहेत हेच माहीत नाही किंवा वर्षानुवर्षं संपर्क नाही, अशी स्थिती असेल तर वेगळं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात 'वडील, आणि त्यांच्यानंतर आई' असं आहे. पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात त्याचा अर्थ 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा लावला. वडील हयात असूनही मुलाच्या बाबतीत लक्ष घालत नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते.

नोंदवही इथेही कामाला येते. न्यायाधीशांपुढे तारखांसह ठेवलेली वही बोलते.

पर्वतीपायथा
दोन्ही प्रतिसाद अतिशय उपयुक्त. हे कुठेच एकत्र वाचलं नव्हतं.

दूधसाय
जरा अवांतर, पण शनिवार-रविवारसाठी. पुण्यासारखं गाव नाही या बाबतीत. वेताळ टेकडी सकाळी साडेसहाला : खाणीतलं पाणी, पक्षी, आणि काळ्या बेसॉल्टचे थर डोळ्यांसमोर. परत आल्यावर वहीत एकच दगड किंवा एकच झाड काढायचं, दहा नाही. केळकर संग्रहालयात एका खेपेला एकच दालन. दिवे बघायचे तर फक्त दिवे. सगळं बघायला गेलं की चाळीस मिनिटांत मूल 'भूक लागली' म्हणतं. कर्वे रस्त्यावरचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय कोथरूड-कर्वेनगरकरांना हाकेच्या अंतरावर. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवार सोडून.

मुठाकाठ
बुधवारी वाघाला सुट्टी, त्या दिवशी तो बछड्यांचा अभ्यास घेतो :)

हातचा_एक
विज्ञानाच्या प्रयोगांसाठी आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचे आणि अरविंद गुप्तांच्या खेळण्यांचे व्हिडिओ बघा, मराठीतही आहेत. सामान म्हणजे स्ट्रॉ, काडेपेटी, सायकलची ट्यूब. पण एक सावधगिरी : आधी स्वतः करून बघा. स्ट्रॉची पिपाणी वाजत नाही ती बहुतेक वेळा टोक नीट चपटं न केल्यामुळे. दातांनी दाबून दीड-दोन सेंटिमीटर चपटं करायचं, मग दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोक करायचं. कागदी जाड स्ट्रॉ चालत नाही, लाळेने मऊ पडतो. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर २०२२ पासून बंदी आहे, घरात जुना मऊ उरला असेल तर तो घ्या. वाजली की दुसऱ्या टोकाकडून थोडी-थोडी कापत जा, आवाज चढत जातो. मूल स्वतः सांगतं, लांबी कमी झाली म्हणून. मग ते कुठल्या पुस्तकात वाचायची गरज राहत नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका राहिल्या. घरून कामाच्या सोमवार-शुक्रवारी मूल घरात, मीटिंगा चालू, तेव्हा काय? आणि दुसरी, मोबाइल. दमलं की तोच हातात दिला जातो, हे खरं आहे.

निवांत_दुपार
सोमवार-शुक्रवारी शिकवणं कामाच्या तासांत कोंबू नका. पाऊण तास सकाळी सातच्या सुमारास, पाऊण तास संध्याकाळी साडेसहानंतर. मधला दिवस मुलाचा, तुम्ही फक्त घरात आहात. दाराला दोन रंगांचा पुठ्ठा : लाल म्हणजे बोलणं चालू, रक्त आलं किंवा दारावर कुणी आलं तरच आत ये, हिरवा म्हणजे ये. लाल एका वेळी पन्नास मिनिटांपेक्षा जास्त ठेवला की आठ वर्षांचं मूल नियम मोडतंच. लागोपाठ दोन मीटिंगा असतील तर मधे दहा मिनिटं आधीच अडवून ठेवा, कॅलेंडरवर स्वतःच्या नावाने. आणि डबा. घरी असतानाही सकाळीच डबा भरून टेबलावर ठेवा, पाण्याची बाटली सोबत. अकराला 'भूक लागली' म्हणून होणारे अर्धे व्यत्यय त्याने थांबतात.

सुरपारंब्या
मोबाइलचं : 'अर्धा तास' असं सांगून उपयोग होत नाही, मुलाला वेळ कळत नाही आणि व्हिडिओ आपोआप पुढचा लागतो. हवं ते आधी डाउनलोड करून, इंटरनेट बंद करून जुना फोन द्या. सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचं शिकण्याचं साहित्य असं उतरवून ठेवता येतं. दोन व्हिडिओ संपले की संपलं, भांडायला पलीकडे काही उरत नाही. कंपनीचा लॅपटॉप मुलाच्या हातात कधीच नाही. आणि पडद्याची वेळ नेहमी एकच ठेवा, तुमची सगळ्यात अडचणीची मीटिंग असेल ती. दिवसातून चार वेळा थोडा-थोडा दिला की उरलेला दिवस मागण्यात जातो.

चौथीब
सगळं वाचलं. माझं मत पूर्ण बदललं नाही, पण दुसऱ्या खांबाचा मुद्दा ज्या गांभीर्याने घेतलात त्याने बरं वाटलं. एकच विचारतो : या सगळ्यात त्या एकट्या पालकाची विश्रांती कुठे आहे? शनि-रवि शिकवणं, सोम-शुक्र दोन टोकांना शिकवणं, मधे नोकरी.

तळजाईकर
@चौथीब, बरोबर जागी बोट ठेवलंत, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आठवडा मांडून बघू.

शनिवारी सकाळी दोन तास, गणितातलं नवीन त्याच दिवशी. रविवारी सकाळी फिरणं आणि त्यावरचं लिखाण, म्हणजे भाषा झाली. दुपारनंतर रविवार मोकळा, मूल आजीकडे किंवा मित्राकडे, रात्री पिशव्या भरायचा अर्धा तास. सोमवार आणि शुक्रवार दीड-दीड तास, दोन तुकड्यांत. मंगळ-बुध-गुरू शिकवणं शून्य. सकाळी आजीकडे हिरवी-पिवळी पिशवी, दुपारी पाळणाघर, रात्री झोपताना वीस मिनिटं वाचून दाखवणं, तेही आडवं पडून. एकूण आठ तासांच्या आसपास. शाळेच्या मुलाचा गृहपाठ, प्रकल्प, व्हॅन, पालकसभा, डबा-गणवेश यांतही आठवड्याला बराच वेळ जातो, तो इथे वाचतो. आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार पूर्ण सुट्टी, अपराधी न वाटता. रविवार दुपारची मोकळीक ज्या व्यवस्थेतून काढून घ्याल ती दिवाळीपर्यंत टिकणार नाही, हे मी ठामपणे सांगतो. अभ्यास मागे पडला तर पडू द्या, ती दुपार सोडू नका.

कागदघोडा
आणि वर्षाच्या मध्यात काढू नका. तिसरीची वार्षिक परीक्षा होऊ द्या, निकालपत्रक घ्या, मग एप्रिल-मेमध्ये अर्ज करून दाखला. दाखल्यावरची जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग शाळेच्या ऑफिसातच उभं राहून तपासा, घरी आल्यावर नाही. विद्यार्थ्याचा पेन क्रमांक, म्हणजे यू-डायसवरचा कायमचा नंबर, लिहून घ्या. परत शाळेत घालताना नवी शाळा तोच मागते. नव्या शाळेने किंवा मंडळाने मागितल्याशिवाय मूळ दाखला कुठेही देऊ नका, पाच झेरॉक्स काढून ठेवा.

मेच्या सुट्टीत तीन आठवडे पूर्ण रंगीत तालीम करा : आजी, पाळणाघर, पिशव्या, लाल-हिरवा पुठ्ठा, सगळं. फक्त पाळणाघर मेमध्ये चालू आहे ना ते आधी विचारा. दाखल्याचा अर्ज त्यानंतर दिलात तरी जून उजाडायच्या आत होतो.

रानजाई
तालमीची कल्पना पटली. दुसऱ्या खांबाची दोन नावं या आठवड्यात विचारते. कर्वेनगर-वारजे भागात तीन घरांच्या पाळीत कुणाला रस असेल, मूल सात ते दहा वयाचं, तर निरोप टाका. मंगळवार आणि गुरुवारची दुपार हवी आहे, बदल्यात सोमवारी संध्याकाळी साडेसहानंतर किंवा शनिवारी पूर्ण दिवस मी सांभाळेन.

दूधसाय
वारजे. मुलगी नऊ वर्षांची. निरोप टाकला आहे.